ओ दिली नाही

"वयनी, सायब खंय गेले?"

गडग्यापलीकडून सत्यवतीताईंचा आवाज आला. नुसता आवाजच, कारण धुकं इतकं दाट होतं की अंगणातली तुळससुद्धा मला पुसट दिसत होती. मी ओटीवर बसून चहा पीत होते, तिसरा. शाळेची घंटा नाही, डबे भरायचे नाहीत, एक शाल पांघरली की भागेल एवढीच थंडी. त्या घटकेला मी अगदी सुखात होते, हे मला पक्कं आठवतं.

"दांड्यावर गेलेत," मी म्हटलं. "साडेसातलाच गेले."

मग ताई गडगा ओलांडून आत आल्या. भाकरी थापता थापता उठल्या असाव्यात, कारण दोन्ही हात पिठाचे होते.

"एकटेच?"

"एकटेच. कालवं काढणाऱ्या बायका आज दिसत नाहीत, असं म्हणत होते. पण गेले."

"ह्या धुक्यात? आज एक तरी बाईलमाणूस दांड्यार गेला हा काय, वयनी? धुकां असताना थंय कोण जाणा नाय. कितके वाजले आता?"

मी आत जाऊन घड्याळ बघितलं. साडेनऊला पाच कमी होते. मी तसं सांगितलं तर ताईंनी कपाळाला हात लावला, आणि हाताचं पीठ तसंच कपाळाला राहिलं. ताई उगाच घाबरणाऱ्यातल्या नव्हत्या. नवरा समुद्रावर गेला तो परत आला नाही, तरी पोराला एकटीने वाढवून गोव्याला नोकरीला लावलेली बाई. तिने कपाळाला हात लावलेला पाहून मी चपला पायात सरकवल्या.

"पण ताई, ह्यांनी हिशोब केलाय सगळा," मी म्हटलं. "दांडा साडेअकरापर्यंत कोरडा असतो म्हणाले."

"दांडो कोरडो असतलो ओ! व्हाळ खंय कोरडो असतलो? व्हाळ आदी भरता!"

आता हे दांडा आणि व्हाळ म्हणजे काय ते सांगायला हवं. खाजणवाडीला खाडी समुद्राला मिळते तिथे, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, वाळूचा एक लांबट उंचवटा आहे. ओहोटीला तो उघडा पडतो. तो दांडा. त्याच्या टोकाला काळ्या कातळाचं एक खडप आहे, त्यावर गावातल्या बायका कालवं काढायला जातात. किनारा आणि दांडा यांच्यामध्ये जी सखल जागा आहे, तो व्हाळ. ओहोटीला त्यात घोट्याएवढं पाणी असतं, लुगडं जरा उचललं की पार. नवख्याला वाटतं की भरती समुद्राकडून येणार, दांड्याची पुढची कड आधी भिजणार. तसं होत नाही. पाणी खाडीच्या तोंडातून गुपचूप मागच्या बाजूने व्हाळात शिरतं, आणि पुढे दांडा कोरडा ठणठणीत असतानाच मागची वाट बंद होते.

हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या ह्यांनाही त्याच दिवशी कळलं.

आम्ही बार्शीचे. हे भूमापन खात्यातून निवृत्त झाले, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून. ह्यांना दम्याचा त्रास, आणि आमच्याकडची थंडी कोरडी, धुळीची. मार्गशीर्ष लागला की रात्रभर उशाला बसून काढायची. डॉक्टर म्हणाले, एक हिवाळा समुद्रकाठी घालवून बघा, तिथली हवा दमट असते, मऊ असते. ओळखीतून सत्यवतीताईंच्या दोन खोल्या मिळाल्या. मी मनाविरुद्ध आले, कारण मला पाण्याची भीती. आमच्या भागात पाणी असतंच किती म्हणून भ्यायचं, असं लोक हसून विचारायचे. पण भीती ती भीती. ओल्या वाळूच्या पुढे मी पाऊल टाकत नसे.

आणि तरी त्या जागेनं मला जिंकलं, हे कबूल करायला हवं. आठवडाभरात ह्यांचा खोकला बसला. रात्री आडवे झाले की सकाळपर्यंत झोप. गावात चाळीस घरं, दिवसाला दोन एसट्या. सकाळी खाडीवर धुकं, दुपारी अंगणात ऊन, संध्याकाळी समुद्राची एकसारखी गाज. पावसाळ्यात खवळणारा तो समुद्र थंडीत इतका शांत असतो की मला वाटायचं, उगाच याला भ्यायलो जन्मभर. थंडीत लांबून लांबून येणारे पांढरे कुरव पक्षी दांड्यावर शेकड्याने बसायचे. ह्यांना त्यांचा नादच लागला. रोज ओहोटीला कालववाल्या बायकांबरोबर दांड्यावर जायचे, पक्षी मोजायचे आणि वहीत आकडा लिहायचे. बत्तीस वर्षं जमिनी मोजल्या, आता उडती गोष्ट मोजायला घेतली, असं मी म्हणायची.

भरतीचा हिशोब ह्यांना दाजी मेतरांनी शिकवला होता. दाजी म्हणजे सत्यवतीताईंचे चुलतदीर, सत्तरीचे, स्वतःची होडी असलेले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. ह्यांना तर हर्षच झाला. तीन आठवडे घड्याळ लावून ताडून बघितलं, दांड्याच्या पुढच्या कडेला पाणी कधी लागतं ते वहीत लिहिलं. त्या दिवशी पौषातली वद्य तृतीया. तीनाची पाऊणपट सव्वादोन. सव्वादोनला पुरी भरती, म्हणजे सव्वाआठला पुरी ओहोटी. मागच्या नोंदींवरून साडेअकरापर्यंत दांडा कोरडा. गणित चोख होतं. बायका मात्र ओहोटी पुरी झाली की लगेच उठून परत निघायच्या आणि हेही त्यांच्याबरोबर निघायचे. त्या का उठतात हे ह्यांनी कधी विचारलं नाही. टोपल्या भरल्या म्हणून उठत असतील, असं धरून चालले. दांड्याची पुढची कड इंचाइंचाने मोजणाऱ्या माणसाने पाठीमागे एकदाही वळून बघितलं नव्हतं.

ताई आणि मी किनाऱ्याकडे पळत सुटलो. सुरूच्या झाडांतून वाळूवर आलो तर समोर काहीच नाही. समुद्र नाही, दांडा नाही, आकाश नाही. सगळीकडे पांढरं. पायाजवळची दहा हात वाळू तेवढी दिसत होती, आणि जिथं रोज ती वाळू सरळ पुढे व्हाळापर्यंत जायची तिथं आज पाणी होतं. लाट नाही, आवाज नाही. नुसतं पुढं पुढं सरकणारं पाणी.

ताईंनी लुगडं खोचलं आणि आत शिरून बघितलं. पंधरावीस पावलांवर त्या धुक्यात दिसेनाशा झाल्या. मला ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात परत आल्या. कमरेच्या वर भिजल्या होत्या.

"भरलो," त्या म्हणाल्या. "मी कडेकच कमरेभर बुडलंय. मदी पुरुषभर तरी असतला. त्येंका पवाक येता?"

"नाही," मी म्हटलं. बार्शीत कोण पोहायला शिकवतं?

"खडप आसा थंय. शाणे असतले तर खडपार चडले असतले. पण अजून उधाणाचा पाणी आसा, वयनी. दुपारपर्यंत खडप ऱ्हवचा नाय." त्यांनी माझे दोन्ही दंड धरले. "आयका. मी दाजींक घेवन येतंय, होडी घेवन येतंय. तुमी हयच उभ्या रवा. हाक मारीत रवा, म्हणजे त्येंका किनारो खंय तां समजात. पण पाण्यात पाय घालू नकात. माजी शपथ आसा."

आणि त्या गेल्या. दाजींचं घर वाडीच्या दुसऱ्या टोकाला. मी एकटी उरले.

मी हाक मारली.

"अहोऽऽ!"

माझा आवाज साधासुधा नाही. पन्नास पोरांच्या वर्गावर तीस वर्षं ओरडून कमावलेला आवाज. मी वर्गात पाढे म्हणायला लागले की शेजारच्या दोन वर्गांतली पोरं पण म्हणायची. दांडा किती लांब, तर शाळेच्या पटांगणाची दोन टोकं एवढाच. मला तिथल्या कुरवांचं कलकलणं स्पष्ट ऐकू येत होतं. पक्ष्यांचं मला ऐकू येतंय, मग माझं ह्यांना ऐकू जायलाच हवं.

ओ आली नाही.

"अहोऽऽ! ऐकताय का?"

काही नाही. पाणी माझ्या चपलांना लागलं होतं. मी चपला काढल्या, मागे फेकल्या, आणि दोन पावलं पुढे झाले. मग आणखी दोन. आपण कुठे चाललोय हे मला कळत होतं, तरी पाय थांबत नव्हते. पाणी गार होतं, पोटरीपर्यंत आलं. मी पुन्हा हाक मारली. माझी साडी पाण्यावर फुगून वर आली, ती मी दाबत होते आणि हाका मारत होते.

आमचे हे घरातसुद्धा पहिल्या हाकेला कधी ओ देत नसत. पेपर वाचत बसले की तीन हाका, जेवायला या म्हणून चार. ओ न देणं हा आमच्या घरचा नेहमीचा तंटा होता. त्या क्षणी मला तो तंटा आठवला आणि मी रडायला लागले. देवाला म्हटलं, तेवढंच असू दे. नुसतं लक्ष नसू दे.

मग मला ताईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं आठवलं. दांड्यावर बिननावाच्या हाकेला कोणी ओ द्यायची नाही, असा तिथला रिवाज. चकवा असतो, तो माणसाच्या आवाजात हाक मारतो आणि खोल पाण्याकडे नेतो. पण त्याला माणसाचं नाव ठाऊक नसतं. म्हणून तिथल्या बायका एकमेकींना नाव घेऊन, तेही पुरं नाव घेऊन हाका मारतात, आणि ओ देणारीसुद्धा नाव ऐकल्याशिवाय तोंड उघडत नाही. ह्यांनी तेव्हा मला चिडवलं होतं, "म्हणजे इथं तुझ्या हाकेला ओ न द्यायचं मला कारणच मिळालं." मी एकतीस वर्षांत ह्यांचं नाव घेतलेलं नव्हतं. उखाण्यात एकदा, लग्नात, तेही चारचौघींनी ढोसलं म्हणून.

धुक्यात उभा असलेला, घाबरलेला माणूस. शिकलेला असला म्हणून काय झालं? "अहो अहो" असा आवाज येतोय, कुठून येतोय कळत नाही. ओ देणार नाही. मी असते तर मीही दिली नसती.

पाणी मांड्यांपर्यंत आलं होतं. मी छाती भरून श्वास घेतला.

"पद्माकरऽऽ!"

ते नाव माझ्या तोंडून निघाल्याचं मलाच खरं वाटेना. मी पुन्हा हाक मारली. पुरं नाव घेतलं, आडनावासकट, शाळेच्या हजेरीत घ्यावं तसं.

"पद्माकर रघुनाथ देशमानेऽऽ! ओ द्या! मी आहे! मी शशिकला!"

कुरव ओरडत होते. पाणी कमरेला आलं. मी आणखी एक पाऊल टाकलं आणि पायाखालची वाळू एकदम उतरती लागली, टाचेखालून निसटायला लागली. मी तशीच थांबले, एक पाय पुढे, एक मागे. वाटलं, एकदा ओ येऊ दे, नुसती एकदा, म्हणजे कुठल्या बाजूला ते तरी कळेल. मी कान देऊन ऐकलं. इतकं मन लावून मी आयुष्यात दुसरं काही ऐकलेलं नाही.

ओ आली नाही. तेव्हा मला कळून चुकलं की आपला नवरा गेला.

"वयनी! मागे या! आदी मागे या बगू!"

ताईंनी मला मागून धरलं आणि फरफटत कोरड्यावर आणलं. दाजी होडीजवळ उभे होते. होडी सुरूच्या खाली ओढून ठेवलेली होती. आम्ही तिघांनी मिळून ती पाण्यात लोटली, मीही लोटली, हाताला लाकडाची सालं लागली ते मला नंतर कळलं.

"ओ देतत?" दाजींनी वल्हं उचलता उचलता विचारलं.

मी मान हलवली.

"तुमी 'अहो अहो' करीत असतल्यात," ताई म्हणाल्या. "नावान हाक मारूक व्हयी."

"नाव घेतलं. पुरं नाव घेतलं. आडनावासकट."

दाजींनी ताईंकडे बघितलं. ताईंनी मान खाली घातली. त्या दोघांनी तशी बरीच माणसं समुद्राला दिलेली होती, त्यांना एकमेकांशी बोलायची गरज नव्हती. मी वाळूत बसले.

दाजी तरी निघाले. धुक्यात होडी लगेच दिसेनाशी झाली. मग आवाज यायला लागला, ठक, ठक, ठक. दाजी वल्हं होडीच्या काठावर आपटत होते. दहाबारा ठोके, मग थांबायचे, ऐकायचे, पुन्हा ठोके. ताई माझ्याजवळ बसून तोंडातल्या तोंडात गाऱ्हाणं घालत होत्या. "बा देवा म्हाराजा, पावण्याक सांबाळ, परमुलखातलो माणूस आसा, त्याका काय म्हायत नाय..."

ठक, ठक, ठक.

आणि धुक्यातून आवाज आला, "ओऽऽ! इकडे! खडपावर! इकडे या!"

ह्यांचाच आवाज. खणखणीत, शुद्धीवर असलेला.

ताई ओरडल्या, माझ्या गळ्यात पडल्या. पाठोपाठ दाजींची आरोळी आली, "गावले! गावले, वयनी!" मी रडत होते, हसत होते. आणि त्यातच, अगदी त्याच क्षणी, काहीतरी टोचलं. होडीच्या काठावर वल्हं आपटल्याचा आवाज ह्यांना ऐकू गेला. माझ्या हाका ऐकू गेल्या नाहीत.

होडी टेकली तेव्हा हे गळ्यापर्यंत भिजलेले होते. ओठ काळेनिळे. पुढच्या खिशातली वही भिजून लगदा झालेली. बाहीच्या टोकाला दातांनी चावल्यासारख्या चुण्या होत्या, त्या मी बघितल्या पण विचार केला नाही. ताईंनी घरी आणून कढत पाण्याने आंघोळ करायला लावली, कुळथाचं गरम कढण पाजलं, चुलीपुढे बसवलं. हे सारखे माझ्याकडे बघत होते.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "माझी हाक ऐकू आली नाही?"

ह्यांनी चुलीकडे बघितलं. "नाही. धुक्यात आवाज लांब जात नाही."

"दाजींच्या होडीचा आवाज आला."

"ती जवळ होती."

खोटं बोलणाऱ्या पोराचा चेहरा मला कळतो, तीस वर्षांत तेवढं तरी शिकले होते. ऐकू आलं होतं. आलं होतं, आणि ओ दिली नव्हती. का, ते मला कळेना. कळेना म्हणून मी स्वतःच उत्तरं शोधली, आणि प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा वाईट निघालं. चकव्याला भ्याले असतील, पण मग नाव घेतल्यावर? नवऱ्याचं नाव बायकोने चारचौघांत घेतलं म्हणून राग आला असेल? मरताना? की मी आलेलीच नको होते? माणसाच्या मनात काय असतं, हे एकतीस वर्षांनीही सांगता येत नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही बार्शीला परतलो. अजून दीड महिना राहायचं ठरलं होतं. ताई एसटीपर्यंत आल्या, म्हणाल्या, "पुडच्या थंडीक येवा." मी हो म्हटलं आणि मनात ठरवलं की आता मेले तरी या गावी येणार नाही.

आणि गेले नाही. आठ हिवाळे गेले. ह्यांचा दमा वाढत गेला. मार्गशीर्ष लागला की पुन्हा उशाला बसून रात्री काढणं आलं. दरवर्षी दिवाळीनंतर ताईंचा फोन यायचा, दरवर्षी मी काहीतरी सबब सांगायची. हे एकदाही म्हणाले नाहीत की जाऊ या. मला तेही खुपायचं. चूक आहे म्हणूनच गप्प आहेत, असं वाटायचं.

आठव्या वर्षी ताईंनी फोनवर सांगितलं की दाजी गेले. चतुर्थीला गेले, झोपेतच. फोन ठेवून मी अंगणात आले. हे बाजेवर उन्हात बसले होते, श्वास वाजत होता. मी बातमी सांगितली. ह्यांनी हात जोडले. मग म्हणाले, "जायला हवं आपण. दाजींमुळे मी आहे."

का कोण जाणे, मला एकदम फुटल्यासारखं झालं.

"हो ना!" मी म्हटलं. "दाजींनी वल्हं वाजवलं तर तुम्ही ओ दिलीत. दाजींचे उपकार आहेतच. मी तिथं गळा फाटेस्तोवर ओरडत होते, त्या बाईचं काय? मी तुमचं नाव घेतलं. नाव घेतलं मी तुमचं! आणि तुम्ही मला सांगता धुक्यात ऐकू येत नाही!"

हे बाजेवर जरा सरकले, मला जागा केली. मी बसले नाही.

"सगळं ऐकू येत होतं," हे म्हणाले.

मी बाजेची कड धरून उभी होते.

"तू हाक मारायच्या आधी मी व्हाळात होतो. परत यायला निघालो होतो. छातीपर्यंत पाणी होतं, मग गळ्यापर्यंत, आणि पुढे पाय टेकेना. कसाबसा मागे फिरून खडपावर चढलो, तोच तुझी पहिली हाक आली. ओ देणारच होतो, तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तुझी पुढची हाक आली." हे थांबले, दोनतीन श्वास घेतले. "ती पहिलीपेक्षा जवळून आली, शशिकला. त्याच्या पुढची आणखी जवळून. मला दिसत नव्हतं, पण कळलं. तू पाण्यात शिरली होतीस."

"मग ओरडून सांगायचं, येऊ नकोस म्हणून!"

"तू ऐकलं असतंस?"

मी दुसरीकडे बघितलं.

"माझा आवाज आला की तू त्या रोखाने सरळ चालत सुटणार. पाण्याला जन्मभर भ्यालीस, पण तेव्हा थांबली नसतीस. आणि आपल्या मध्ये तो व्हाळ. मला वाटलं, आवाजच नाही आला तर ही जागची हलणार नाही. निदान कोणी होडी घेऊन येईपर्यंत तरी उभी राहील. नाव घेतलंस, तेव्हा..." ह्यांनी मनगट तोंडाशी नेलं. "तेव्हा मी बाही तोंडात कोंबून चावून धरली होती. ओ निघेल म्हणून."

अंगणात ऊन होतं, समोर वाळत घातलेल्या डाळीवर चिमण्या उतरत होत्या. "आठ वर्षं सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"तू कुठपर्यंत आली होतीस ते तुला कळलं असतं. मग तुला झोप लागली नसती. माझ्यावर रागावून तरी झोपत होतीस."

मग मला सगळी भीती एकदम वाटली, आठ वर्षं राहून गेलेली. कमरेएवढं पाणी, टाचेखालून निसटणारी वाळू, एक पाय पुढे आणि एक मागे. मागचा पाय मी उचललेला होता. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, ह्यांनाही नाही. तो उचलून मी ऐकत उभी होते, कुठल्या बाजूला टाकायचा ते कळावं म्हणून. एक ओ आली असती तर टाकला असता.

मी ह्यांच्या शेजारी बाजेवर बसले. ह्यांनी माझा हात धरला, तो अंगणातलं ऊन उतरेपर्यंत सोडला नाही.